मेसची एकसष्ट कूपनं आणि अण्णांचा पत्र्याचा डबा

कुंपणावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागाच काढतेय.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. पावसाळ्याआधी माळा आवरायला घेतला, तर जुन्या गाद्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत त्यांचे पुण्यातले कॉलेजचे दिवस. अण्णा नगर जिल्ह्यातले, कर्जत तालुक्यातले. पुण्यात हॉस्टेलला होते, १९७१ ते ७४. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

डब्यात पीएमटीचा पास, प्लास्टिकच्या पाकिटातलं लायब्ररी कार्ड, गॅदरिंगची निमंत्रणपत्रिका (घडीवर फाटलेली), रूमभाड्याच्या दोन पावत्या. आणि सुतळीत ओवलेला कूपनांचा एक जुडगा. फिकट हिरवा कागद, काडेपेटीच्या छापाएवढा आकार. वर छापलंय ‘पाहुणा – एक वेळ – रात्र’, खाली ‘यजमानाची सही’. तारखा सगळ्या जानेवारी ते मार्च १९७३. प्रत्येकाला मधोमध भोक. मागे पेन्सिलीनं एकच अक्षर: सो, मं, बु, गु, शु, श. एकसष्ट मोजली. शिवाय एक गुलाबी कूपन आहे, ते वेगळंच दिसतंय.

माझा अंदाज, अण्णा मेसचे सेक्रेटरी असणार. हिशेबाला पक्के होते, नंतर बँकेतच गेले.

कॉलेजला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे ठेवायला देते. तिकडून उत्तर आलं, ‘मॅडम, स्कॅन करून मेल करा, ओरिजिनल ठेवायला जागा नाही.’ मागच्या वर्षी त्यांनी स्वतःचीच जुनी रजिस्टरं टेम्पो भरून रद्दीत घातली, हेही त्याच माणसानं सहज सांगितलं.

तर प्रश्न दोन. हे ठेवायचं कसं? आणि तुमच्याकडे असलं काही आहे का?

शनिवारपेठी

ठेवायचं कशाला, हा पहिला प्रश्न. भावनेचा आदर आहे, पण मेसचं कूपन म्हणजे ऐतिहासिक दस्तऐवज नव्हे. पुण्यात प्रत्येक घरात असा एक डबा आहे आणि प्रत्येकाला तो भारत इतिहास संशोधक मंडळात द्यायचाय. आमच्याकडे १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यानं परस्पर निकाल लावला. त्याआधीचा एक कागद घरात नाही. कुणाचं काही अडलं नाही.

रद्दीशास्त्री

वरच्या सदस्यांना सादर असहमती. अडतं ते त्यांना कळत नाही, कारण जे गेलं ते काय होतं हेच सांगायला कागद उरलेला नाही.

मी नोकरीत असताना अशा कागदांच्या बाजूला बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं लांब लिहितो. कॉलेजचा अधिकृत इतिहास हाताशी असतोच. फर्ग्युसन १८८५, त्याच्या आदल्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी, इंजिनियरिंग कॉलेजचं मूळ १८५४ चं, एस.पी. १९१६, विद्यापीठ १९४९, पहिले कुलगुरू बॅ. जयकर, इमारत गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा बंगला. कोनशिला, देणगीदार, प्राचार्यांच्या तसबिरी, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. पण ह्या इमारतींत राहणारी पोरं एकमेकांची कधी आणि कशी झाली, ते स्मरणिकेत सापडत नाही. ते सापडतं टाकाऊ कागदांत: खाड्याची वही, वर्गणीची यादी, सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक, नोटीसबोर्डावरून फाडलेली सूचना. ज्यांनी ते लिहिलं त्यांना ते दुसऱ्या दिवशी फेकायचं होतं. म्हणून त्यात पवित्रा घेतलेला नसतो.

आता कामाचं.

सुतळी सोडवा, पण आधी ओवलेला क्रम जसाच्या तसा फोटोत घ्या. क्रम हीसुद्धा माहिती असते. लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगतो. एकदा केलं की कागद परत सुटत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो. सेलोटेपही नको. टाचण्या, स्टेपलच्या पिना काढा, त्या गंजून कागद खातात. जुनं प्लास्टिकचं पाकीट असेल तर कार्ड त्यातून हलकेच बाहेर काढा, ते प्लास्टिक शाई ओढून घेतं. जांभळट पेन्सिलीचं लिखाण असेल तर ओलं बोट लावू नका, ती कॉपिंग पेन्सिल, पाणी लागलं की पसरते. आम्लविरहित कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, पण वर्तमानपत्रात गुंडाळू नका. तो कागद स्वतः लवकर सडतो आणि शेजाऱ्यालाही सडवतो. डबा माळ्यावर नको, कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवा. माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात गळतो. वर्षातून एकदा उघडा, कसर बघा.

आणि स्कॅन कराच, सहाशे डीपीआयला, दोन्ही बाजू. मागची बाजू लोक विसरतात.

निळी_शाई

वा! वाचतेय. मी ८६ ते ८९ मुलींच्या हॉस्टेलला होते. माझ्याकडे फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या आहेत, अख्खी पिशवी. नव्या पिढीसाठी: गॅदरिंगला एका मडक्यात नाव घालून टोमणे टाकायचे आणि स्टेजवरून वाचायचे. मला पडलेला, ‘हिची नोट्सची वही पुण्यात सगळीकडे पोचली, ही मात्र लक्ष्मी रोडच्या पुढे नाही.’ तेव्हा रडले होते. आता त्या अक्षरावरून कुणी लिहिला तेही ओळखते, आणि ती बाई माझी विहीण होता होता राहिली.

पण खरा ठेवा वेगळाच आहे. आमच्याकडे बाहेर जायची वही असायची. नाव, कुठे, कुणाबरोबर, परत किती वाजता. ‘कुठे’च्या रकान्यात सगळ्या जणी ‘स्थानिक पालक’ लिहायच्या. माझ्या मैत्रिणीनं निघताना त्या वहीचं एक पान पळवलं. एका शनिवारी अकरा जणी एकाच स्थानिक पालकांकडे गेल्यात! पत्ता पण एकच. ते काका तिघींच्याच ओळखीचे होते. बाकी आठ जणी नीलायमला सिनेमा बघत होत्या आणि काकांना ते माहीत होतं.

(शनिवारपेठी, हे ऐतिहासिक आहे की नाही?)

शनिवारपेठी

हे गुन्हेगारी स्वरूपाचं आहे.

वल्हेकरी

सीओईपीवाला इथे, म्हणजे वर आलेल्या इंजिनियरिंग कॉलेजचा. बोट क्लब १९२८ चा. घरी रेगाटाच्या, म्हणजे आमच्या नदीवरच्या बोटींच्या सोहळ्याच्या, कार्यक्रमपत्रिका आहेत, माझ्या तीन वर्षांच्या आणि मामाच्या दोन. पब्लिकला नदीवरची मशाल आणि बोटींची बाणाकृती रचना दिसते. पत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात नावं असतात ती बघा: जनरेटर, दोरखंड, चहा, पार्किंग. मामाच्या वेळच्या एका पत्रिकेत ‘चहा’समोरच्या नावावर पेनानं काट मारून दुसरं नाव लिहिलंय आणि बाजूला ‘ह्यानेच केला’. पन्नास वर्षांनीही कुणाला तरी श्रेय मिळालं.

फायनल इयरला मीही चहाच केला. माझं नाव छापायचं राहिलं. असो.

तिसरी_घंटा

पुरुषोत्तमवाले कुणी नाही का अजून? कमाल आहे. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेतात, भरत नाट्य मंदिरात. ‘अरे आव्वाज कुणाचा’नं ज्याचा घसा बसला नाही त्यानं पुण्यात कॉलेज केलं असं मी मानत नाही.

माझ्याकडे तालमीची वही आहे. स्क्रिप्टपेक्षा तिचा समास वाचनीय. ‘पक्याला ताप, कॅल्शियम कोण घेणार?’ (गोळी नव्हे, स्टेजचा लाइट.) ‘वर्गणी: ज्यांनी दिली नाही त्यांनी लाज बाळगावी.’ ‘उद्या सहा वाजता, म्हणजे सहा वाजता.’ जुलै-ऑगस्टचा पाऊस, वर्ग बंद झाल्यावर शिपाईमामांना मस्का लावून मिळवलेली एक खोली, आणि ज्यांची आर्ट्स, कॉमर्स, सायन्स म्हणून एरवी तोंडओळखही झाली नसती अशी पंचवीस पोरं. आमच्यात नंतर नट कुणीच झालं नाही. एकाच्या लग्नात मात्र संपूर्ण बॅकस्टेज टीमनं मांडव घातला.

सीनातीर

कुंपणावरची ताई, मी बी कर्जतकडचाच. तुमचा पहिला प्रतिसाद तीनदा वाचला.

एक विचारू? ७३ सालचा जानेवारी-मार्च म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. आमच्याकडं त्याला ‘बहात्तर’ म्हणत असले तरी खरा चटका ७३ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. विहिरींना तळ दिसत होता. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापता येत नव्हती. माणसं खडी फोडायला, नालाबंडिंगला, तलावाच्या कामावर. त्या वर्षी आमच्या पट्ट्यातल्या शिकणाऱ्या पोरांना घरून मनीऑर्डर येणं बंद झालं होतं.

दुसरं, सेक्रेटरीकडं स्थळप्रतीचं पुस्तक राहतं. कूपनं मेसच्या दारात तारेला टोचतात. तुमची भोकं त्या तारेची. म्हणजे ही वापरलेली कूपनं आहेत, तीही एकाच माणसाच्या पाहुणचाराची, नाहीतर कुणी वेगळी काढून ओवली नसती.

तिसरं, वार लिहिलेत. प्रत्येक वाराची सही एकच आहे का, तेवढं बघा.

कुंपणावरची

सीनातीर, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच डबा उघडला.

आहे. सोमवारच्या सगळ्या कूपनांवर एकच सही. मंगळवारच्या दुसऱ्याची. सहा वार, सहा सह्या. रविवार नाही.

आणि मागचं अक्षर अण्णांचं आहे. त्यांचा ‘श’ मला कुठेही ओळखू येईल.

रद्दीशास्त्री

रविवारी संध्याकाळी मेस बंद. पुण्यात तेव्हाही आणि आजही.

ताई, वार लावून जेवणं ऐकलंय ना? जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी असेच शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ज्यांना वार मिळाले नाहीत त्यांनी माधुकरी मागितली. पुढे संस्था निघाल्या: अनाथ विद्यार्थी गृह १९०९ चं, विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ ची. तुमच्या अण्णांच्या हॉस्टेलमध्ये पोरांनी तोच वार आपापल्या मेस कार्डावर लावलेला दिसतोय.

काळी_पाटी

थांबा, एक खडा टाकते. वाराचे गोडवे गाताना लक्षात असू द्या की ते वार कुणाला मिळायचे. जात बघूनच पाट मांडला जायचा. माझ्या आजोबांना पुण्यात एकही वार मिळाला नसता, मागायची सोयच नव्हती. ‘पुण्याची विद्यार्थीवत्सल संस्कृती’ वगैरे शब्द आले की मला स्मरणिकेचा वास येतो.

आणि जतन कुणाचं होतं? ज्यांच्याकडे माळा होता त्यांचं. कॉट बेसिसवर दर वर्षी खोली बदलणाऱ्याकडे किंवा विद्यापीठात मित्राच्या खोलीत पॅरासाइट म्हणून दोन वर्षं काढणाऱ्याकडे कागद राहत नाहीत. पॅरासाइटच्या नावानं तर पावतीच फाटत नाही! माझा भाऊ तसा राहिला. स्पर्धा परीक्षा देत होता. त्याच्या पुण्यातल्या अडीच वर्षांचा एकमेव पुरावा म्हणजे एका अभ्यासिकेचं ओळखपत्र.

रद्दीशास्त्री

मान्य. शब्द मागे घेत नाही, पण दुरुस्ती स्वीकारतो. मग प्रश्न असा की ह्या सहा सह्या कुणाच्या? आडनावं वाचता येतात का? येत असतील तर इथे देऊ नका, फक्त एकाच आळीतली आहेत का ते सांगा.

कुंपणावरची

पाच वाचता येतात. एकाच आळीतली नक्कीच नाहीत. एक मुसलमान आहे, एक बहुधा गुजराती. दोन आडनावं आमच्याच भागातली, पण आमच्यातली नाहीत. काळी_पाटी, ह्यापुढे मी काही म्हणत नाही, पण तुम्ही तो मुद्दा काढलात म्हणून मी सह्यांकडे नीट बघितलं.

आता ते गुलाबी. वर ‘फीस्ट – पाहुणा’ छापलंय, दर तीन रुपये. तारीख २६ जानेवारी. हिरव्याचा दर दीड रुपया. गुलाबीवर एका ओळीच्या जागेत तीन सह्या कोंबल्यात, तिसरी तर काठावरून मागे गेलीय.

निळी_शाई

काटा आला अंगावर. म्हणजे एकेक रुपया.

बॅकबेंचर_०६

धागा भारी चाललाय. माझ्या बॅचची (२००६) अडचण उलटी आहे. आमचं सगळं ऑर्कुटवर होतं. हॉस्टेलची कम्युनिटी, मेसच्या पोह्यांवर चारशे कमेंट, टेस्टिमोनियल्स. सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, कुणी काही उतरवून घेतलं नाही. हातात उरलंय काय, तर एटीएमच्या स्लिपा आणि वैशालीचं एक बिल, ज्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. ते थर्मल कागदाचं. आता नुसता कोरा कागद आणि त्यावर निळ्या बॉलपेनच्या अकरा सह्या. काय खाल्लं ते उडालं, कोण होतं ते राहिलं.

रद्दीशास्त्री

थर्मल बिलाची त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढायची असते. आता उशीर झाला. पण ते बिल फेकू नका, प्लीज.

वल्हेकरी

अवांतर: सिंबायोसिसच्या मुजुमदार सरांनी सांगितलेली गोष्ट आठवली. ते फर्ग्युसनच्या हॉस्टेलचे रेक्टर होते. तिथे एका परदेशी विद्यार्थ्याला कावीळ झाली होती आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. ते बघून १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू झालं. त्या खिडकीचा कागद कुणाकडे असणार? पाहुण्याचं कूपन नसतंच सगळ्यांकडे.

कुंपणावरची

दोन दिवस गायब होते. तात्यांना, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाला, फोन केला होता. तात्या आता पंच्याहत्तरीत आहेत, ऐकू कमी येतं. सगळं ओरडून विचारावं लागलं, शेजारच्यांनाही कळलं.

तात्या म्हणाले, ‘पैसे कुठले? दिवाळीला बैलजोडी गेली. मी आणि आई खडीवर जात होतो. थोरल्याला कळवायचं नाही असं ठरलं होतं. पण त्याचंच कार्ड आलं, पैसे पाठवू नका, जेवणाची सोय झाली आहे. आम्हाला वाटलं, स्कॉलरशिप लागली.’

जन्मभर त्यांनी तेच धरून ठेवलं होतं. मीही लहानपणापासून ‘अण्णांना स्कॉलरशिप होती’ असंच ऐकत आले.

आणि रद्दीशास्त्री, तुम्ही सांगितलंत म्हणून लायब्ररी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून काढलं. चिकटलं होतं, बोथट सुरीनं हळूहळू सोडवलं. त्याच्या मागे चौघडी घातलेला वहीचा तुकडा निघाला. अण्णांच्या अक्षरात हिशेब:

सो ११, मं १०, बु १०, गु १२, शु ९, श ९. प्रत्येकापुढे गुणिले दीड. खाली ‘फी. – १, १, १’. आणि रकमांपुढे बरोबरची खूण, तारखेसकट. पहिली ऑगस्ट १९७५ ची. त्याच्या आधीच्या महिन्यात ते बँकेत लागले होते.

सहा वारांपुढे खुणा पाचच आहेत. फीस्टच्या तिघांनाही आहेत. फक्त ‘गु’पुढे नाही. बारा कूपनं, अठरा रुपये. समोर लिहिलंय ‘पत्ता?’ आणि तो प्रश्नार्थक दोनदा गिरवलाय.

गुरुवारची सही म्हणजे नेमकी न वाचता येणारी. सुरुवातीला ‘व’ किंवा ‘ब’, पुढे नुसता वळसा आणि दोन टिंबं. फोटो चिकटवतेय. १९७२-७३ ला पुण्यात हॉस्टेलला असलेलं कुणी इथे असेल, किंवा कुणाचे वडील, मामा असतील, तर एकदा दाखवाल का? कॉलेजचं नाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगेन. त्यांच्या रजिस्टरात सहज सापडलं असतं, पण ते टेम्पोतून गेलं.

काळी_पाटी

बाबांच्या ग्रुपवर टाकते. ते ७४ चे, पण त्यांना सगळ्यांच्या सह्या पाठ असायच्या, प्रॉक्सी लावायचे.

सीनातीर

मी बी विचारतो गावाकडं.

शनिवारपेठी

फोटो तिरका आलाय आणि वर सावली पडलीय. खिडकीपाशी सपाट ठेवून, मोबाइल सरळ धरून परत काढा. माझा थोरला भाऊ ७३ ला हॉस्टेलला होता, कुठल्या ते व्यनि आल्यावर बघू. संध्याकाळी त्याच्याकडे जातोय, त्याआधी टाका.